पारा बंद

मुनिराच्या घरात अरबी अक्षरांचा कागद कधी जमिनीवर पडला नाही. खजुराचं खोकं असो, अत्तराची बाटली असो, नाहीतर नवऱ्याने, मोहम्मदने, कुवेतहून धाडलेल्या कपडे धुण्याच्या पावडरीची पिशवी असो, अक्षरं दिसली की ती वस्तू कचऱ्यात जायची नाही. कपाटावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात जायची. मोहम्मद सुटीवर आला की हसायचा, "अगो, त्यावर थंड पाण्यात धुवा असं लिवलंय." मुनिरा म्हणायची, "लिवू दे. अक्षरं तर कुराणाचीच हायत ना?" आणि डबा भरत जायचा.

काशीद सोडून मुरूडच्या दिशेने निघालं की वाटेत लागणाऱ्या एका मोहल्ल्यातलं हे घर. मोहम्मद कुवेतमध्ये एका शेठची गाडी चालवायचा. गावाकडे निघालेल्या माणसाच्या बॅगेत तो काही ना काही कोंबायचा आणि मुनिरा ते ओटीवर बसून विकायची. ओढण्या, अत्तरं, बाम, आणि गेली दोन-तीन वर्षं मोतीवाली डबी. खरं नाव काय तिचं, अल्ला जाणे. झाकणावर मोती, बाजूने अरबी अक्षरं आणि आत लोण्यासारखं दाट पांढरं क्रीम. रात्री चोळायचं, सकाळी धुवायचं. महिन्याभरात शेजारीण विचारणारच, काय गो, कुणाचा चेहरा उसना आणलास?

आता गोऱ्या रंगाचं खूळ एकट्या मोहल्ल्यातच होतं असं कुणी समजू नये. काशीदची पार्लरवाली हेमाली मुनिराकडून डब्या न्यायची आणि नवऱ्या मुलींना 'स्पेशल फेशियल' म्हणून लावायची. मासळी विकणारी मनुबाई सुनेच्या नावाने डबी घेऊन गेली आणि सुनेच्या आडून स्वतःच लावू लागली. भर उन्हात टोपली घेऊन फिरणारी बाई, हाताने काळी आणि तोंडाने गोरी! लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा रं हसा. तुमच्या बायका माझ्या मागनं घेऊन गेल्या, त्या घरी जाऊन बगा."

मुनिराची पोर यशरा. एकच पोर, तीही लग्नानंतर फार वर्षांनी, किती मन्नती मागून झालेली. रंगाने बापावर गेलेली, चांगली सावळी. आवाज मात्र असा की सकाळी ती कुराण पढायला बसली की शेजारची लाइबा हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायची. कुराणाचे तीस भाग, एकेकाला पारा म्हणतात. मोहल्ल्यातल्या पोराला शाळेची इयत्ता मागाहून विचारतील, आधी विचारतील कितवा पारा चाललाय. यशराचं म्हसळ्याच्या फैझानशी ठरलं तेव्हा तिने मनाशी नेम केला, निकाहाच्या आत तीसही पारे पुन्हा एकदा अर्थासकट पढून काढायचे. फैझानची आई होणाऱ्या सुनेला भेटायला आली. तिने सांदणं खाल्ली, यशराचा हात धरून दुआ दिली आणि उठता उठता म्हणाली, "पोरगी लाखात एक हाय. जरा उन्हातली दिसते, इतकंच."

इतकंच! त्या एका शब्दाने मुनिराची झोप उडाली. ज्या घरातून डब्या गावभर जातात त्याच घरची पोर सावळी? दिव्याखाली अंधार म्हणतील लोक. त्याच रात्रीपासून ती स्वतःच्या बोटांनी यशराच्या तोंडाला, मानेला, हातांना क्रीम चोळू लागली. "अम्मी, चुरचुरतं," पोर म्हणायची. "चुरचुरणारच. मळ निघतोय तो," आई म्हणायची.

यशरा उजळली. सगळे म्हणाले, यशरा उजळली. आणि मग ती सुजली.

आधी सकाळी पापण्या जड दिसायच्या. मुनिराला वाटलं, सासरी जायचंय, उशीत तोंड खुपसून रडत असेल पोर. मग पैंजणाचा वळ पायावर दुपारपर्यंत राहू लागला. मग चपला होईनात. आणि एक दिवस यशराने लाजत लाजत सांगितलं, "अम्मी, लघवीला फेस येतो." मुनिराचा बाप असाच सुजत सुजत गेला होता.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं. "बाहेरचं काही खाता? लावता? जडीबुटी, क्रीम, काही?"

"न्हाय डॉक्टर. बाहेरचं काई न्हाय," मुनिरा म्हणाली. "जे हाय ते घरचं."

ती खोटं बोलली नाही हो. नवऱ्याने धाडलेलं, स्वतःच्या ओटीवर विकायला ठेवलेलं, ते बाहेरचं कसं? डॉक्टर समजले डाळीचं पीठ आणि हळद. तरी त्या माणसाच्या डोक्यात शंका राहिलीच, कारण असे सुजलेले आणखी दोन चेहरे त्यांनी याच किनाऱ्यावरचे पाहिले होते. त्यांनी रक्त-लघवी तपासायला मुंबईला पाठवली. म्हणाले, "किडनीतून प्रोटीन वाहून चाललंय. कारण वेळेत सापडलं तर मुलगी बरी होईल. उशीर झाला तर किडन्या हातच्या जातील."

एसटीत परतताना मुनिरा पोरीचा हात धरून बसली आणि प्रत्येक स्टॉपला दाराकडे बघत राहिली, ओळखीचं कोण चढतंय का. किडनीचं नाव म्हसळ्याला कळलं की रिश्ता तुटलाच. पण खरं सांगायचं तर रिश्ता तुटला असता तरी ती रडून-भेकून उभी राहिली असती. पोर गेली असती तर तिचं काहीच उरत नव्हतं.

दवाखान्यातून फोन आला तो दुपारचा. मोहल्ल्यात मोबाइलची रेंज म्हणजे लहरी पाहुणा, आला तर आला. मुनिरा फोन कानाला लावून विहिरीच्या कठड्याकडे धावली. तिथे जरा ऐकू यायचं.

"यशराच्या आई ना?" एक मुलगी घाईघाईने बोलत होती. "रिपोर्ट आलाय. पारा फार जास्त आहे."

"काय जास्त?"

"पारा, पारा! डॉक्टरांनी सांगितलंय, पारा आधी बंद करायचा. आजच्या आज."

"अहो, पण तिचा नेम हाय... थोडा थोडा चालंल का? निदान अर्धा?"

"अर्धा? एक कणसुद्धा नको, बाई! किडनीवर चाललाय तो. बंद म्हणजे बंद. आणि सोमवारी पेशंटला घेऊन..." इथे रेंज गेली.

पारा म्हणजे थर्मामीटरमधली ती चकचकीत रेघ, हे मुनिराला ठाऊक नव्हतं असं नाही. मनुबाईचा पारा चढलेलाही ती रोज ऐकत होती. पण ज्याच्या घरात जो शब्द उठता-बसता बोलला जातो, तोच त्याच्या कानात आधी शिरतो. 'ध' चा 'मा' कुणी मुद्दाम करावा लागतो असं थोडंच आहे? तो आपोआपही होतो. मुनिराने विहिरीवर उभ्या उभ्या सगळा हिशोब जुळवला. पोर अंधारात उठते, तास-तास मांडी घालून बसते, मग पाय सुजतील नाहीतर काय? एका दमात कुराणातली लांबलचक आयत म्हणते, पोटातल्या किडन्यांना ताण पडणारच. आणि मुंबईच्या मशिनीत हल्ली सगळं दिसतं म्हणतात.

तरी तिने मशिदीच्या इमामसाहेबांना निरोप धाडून विचारलं, डॉक्टरांनी पोरीला आराम सांगितलाय, पढणं थांबवलं तर गुन्हा होईल का? ते म्हणाले, आजाऱ्यावर सक्ती नाही, बरी झाली की पढेल. त्यांचं काय चुकलं? जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं.

संध्याकाळी मुनिराने कुराण त्याच्या कापडी जुझदानात गुंडाळलं आणि उंच फळीवर ठेवलं. यशरा तिच्या हाताला लोंबकळली. "अम्मी, एकोणिसावा चाललाय. दुसरं काय पण बंद करा. माझं जेवण बंद करा. हे नको."

"माझी शपथ हाय तुला," मुनिरा रडत म्हणाली. "एक अक्षर काढायचं न्हाय तोंडातून. माझं मेलेलं तोंड बघशील."

त्या रात्री ती नमाजाला उभी राहिली आणि सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं ते उठेचना. या अल्ला, तुझ्या नावापासून पोरीला मी तोडलं, सजा मला दे, तिला नको. पुन्हा पुन्हा तेच. आणि मग उठली, डोळे पुसले, फळीवरची मोतीवाली डबी काढली आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडाला हलक्या हाताने क्रीम चोळून ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती ही.

सोमवारी जायचं राहिलंच. म्हसळ्याची माणसं तारीख ठरवायला आली, आणि पारा तर बंद केलाच होता. दवाखान्यातून परत फोन आला.

"पारा बंद केला का?"

"केला."

"पूर्ण?"

"पूर्ण. एक अक्षर न्हाय." पलीकडे तिचं नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"छान. मग उतरेल सूज, थोडा वेळ लागतो. पण दाखवायला घेऊन या."

वेळ लागतो म्हणाले, म्हणून मुनिरा वाट बघत राहिली. सूज उतरायच्या ऐवजी पोटापर्यंत चढली. यशरा भिंतीला टेकून बसून झोपू लागली, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. कधी झोपेत तिचे ओठ हलायचे, पाठ असलेली आयत आपसूक तोंडात यायची. मग मुनिरा घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवायची. "नको बेटी, नको." पोर झोपेतच ओठ मिटायची. तीन आठवड्यांत तिला तशी सवयच झाली.

आणि एका जुम्म्याला, पुरुष मशिदीत गेले होते तेव्हा, हेमालीचा फोन आला. आवाज चिरकलेला. "मुनिराखाला, औषध खात्याची गाडी आली पार्लरवर! सगळ्या डब्या उचलल्या. मी तुमचं नाव न्हाय घेतलं, पण..."

त्या 'पण'मध्येच सगळं आलं. गाडी येणार.

विकायला एक डबी शिल्लक नव्हती. मोहम्मद सांगून बसला होता की विमानतळावर पकडतात, आता धाडणार नाही. घरात एकच डबी होती, यशराची, अर्धी भरलेली, निकाहापर्यंत पुरवायची म्हणून जपून वापरलेली. ती हे लोक नेणार? पोर आधीच सुजून विद्रूप झालेली, त्यात रंगही गेला तर तिच्यापाशी उरलं काय? मुनिराला दुसरं काही सुचलं नाही. ती यशरासमोर बसली, डबीत बोटं घातली आणि होतं नव्हतं ते सगळं तिच्या अंगाला फासलं. तोंडावर थर, गळ्यावर थर, दंडापर्यंत थर.

"अम्मी, एवढं?"

"गप ऱ्हा. सरकारच्या घशात जाण्यापरीस तुझ्या अंगाला लागू दे."

डबी पुसून तिने कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली, तोच दारात गाडी थांबली.

उतरली एक बाई, मुनिराच्या धाकट्या बहिणीच्या वयाची, मागे एक कारकून. तिने ओळखपत्र दाखवलं. औषध निरीक्षक मृणाली मॅडम, माणगावची. चपला बाहेर काढून ती ओटीवर बसली आणि म्हणाली, "ताई, घाबरू नका. मोत्याचं चित्र असलेलं क्रीम इथून जातं असं कळलंय. त्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, आणणाऱ्याचं नाव नाही, आत काय घातलंय ते नाही, परवाना नाही. असं क्रीम विकायला कायद्याने बंदी आहे. तुमच्याकडे असेल तर द्या."

"माझ्याकडं काई न्हाय."

"एखादी वापरलेली?"

आता मुनिराचं डोकं सटकलं. भ्यालेलं माणूस असंच भांडतं. "न्हाय म्हटलं ना! तिकडं मोठमोठ्या दुकानांत काचेच्या कपाटात क्रीमं मांडून ठेवलीत, जाहिरातीत काळीची गोरी करून दाखवतात, तिथं जा की! त्यांच्या ओटीवर बसायची हिंमत हाय? गरिबाचं दार तेवढं उघडं दिसतं तुम्हाला!"

मॅडमची नजर मुनिराच्या खांद्यावरून आत गेली होती. आतल्या दाराची चौकट धरून यशरा उभी होती. चुना फासल्यासारखं पांढरं तोंड, त्यात सुजून फटीएवढे झालेले डोळे.

"अगं बाई!" मॅडम उठलीच. "काय लावलंय हे हिला?"

"बेसन," मुनिरा म्हणाली.

"ताई, ही यशरा ना? अलिबागच्या डॉक्टरांनीच कळवलंय आम्हाला. तुम्हाला फोन नव्हता केला त्यांनी? पारा बंद करा म्हणून?"

"केला ना बंद!" मुनिरा ओरडली. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "त्या दिवसापासून पोरीनं कुराणाला हात लावला न्हाय! पढायला कासावीस होते, तिच्या तोंडावर हात दाबते मी! आई हाय का कसाई! सगळे पारे बंद केले, तरी सूज उतरंना. आता आणखी काय बंद करू? सांगा! तिचा श्वास बंद करू?"

कारकून जमिनीकडे बघू लागला. मॅडमला आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं.

"ताई," ती अगदी सावकाश म्हणाली, "तो पारा नाही हो. ताप बघायची काचेची नळी असते ना, त्यातला पारा. चांदीसारखा. विष असतं ते. हे क्रीमवाले तो क्रीममध्ये मिसळतात, त्यानेच चेहरा गोरा दिसतो. कातडीतून तो आत जातो आणि किडन्या खातो. डॉक्टरांनी क्रीम बंद करायला सांगितलं होतं."

मुनिराने आपला उजवा हात वर करून बघितला. नखांच्या कडांत क्रीम अजून ओलं होतं.

"अम्मी," मागून यशराचा आवाज आला, थकलेला, साधा. "म्हणजे मी पढू शकत होते?"

मुनिराने पोरीला धरून मोरीत बसवलं आणि साबण घेऊन घासायला लागली. तोंड, गळा, दंड. मॅडम ओढणी खोचून तांब्याने पाणी ओतत होती. "इतकं जोरात नको ताई, साल निघेल."

"निघू दे साल! निघू दे!" मुनिरा घासतच राहिली, शेवटी मॅडमनेच तिच्या हातातून साबण काढून घेतला.

"आता हिला गाडीत घालू, मी अलिबागला पोचवते. पण नमुना लागेल मला. डबी कुठाय? धुतलीत? फेकलीत?"

मुनिरा स्टुलावर चढली. तिने पत्र्याचा डबा खाली आणला आणि ओटीवर उपडा केला. खजुरांची खोकी, अत्तराच्या बाटल्या आणि मोतीवाल्या डब्या, एकीवर एक गडगडत गेल्या. आजची, मागच्या महिन्याची, पार पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांना दाखवायला उघडलेली.

"सगळ्या ठेवल्यात तुम्ही?"

"अक्षरं हायत ना," मुनिरा म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. "कचऱ्यात कशा टाकू?"

कारकून झाकणांच्या आत चिकटलेलं क्रीम बघत डब्या पिशवीत भरू लागला. मॅडमने खाली वाकून विचारलं, "ताई, आणखी कुणाकुणाच्या घरात आहे? आज रात्री कोण लावणार आहे?"

कोण लावणार नव्हतं? मुनिराच्या डोळ्यांसमोर अख्खी गल्ली उभी राहिली. ती अनवाणी, ओल्या हातांनी तशीच बाहेर धावली.

"पारा बंद करा गो! घराघरात पारा हाय! बंद करा, आत्ताच्या आत्ता बंद करा!"

खिडक्या उघडल्या. लाइबाची सासू तसबीहची माळ हातात घेऊन दारात आली, तिने ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. "तौबा, तौबा! जुम्म्याच्या वक्ताला हे काय बोलतेस? पोरीचं पढणं बंद केलंस, आता आमचं बंद करायला निघालीस? डोकं फिरलं काय तुझं?" आणि दार धाडकन लागलं. पलीकडचं लागलं. त्याच्या पलीकडचं लागलं.

नाक्यावरून मनुबाई टोपली घेऊन येत होती. "काय गो मुनिरा, कुनाचा पारा चढलाय एवढा?"

मुनिरा भर गल्लीत उभी राहिली. ज्या शब्दाने तिला फसवलं तो शब्द आता तिच्याही उपयोगाचा नव्हता. दुसरा शब्द होता, पण तो ओठांवर आणायचा म्हणजे इतक्या वर्षांची ओटी, पत, शेजार, सगळ्यावर पाणी. मोहम्मदचं नाव जाणार, म्हसळ्याला आजच कळणार. तिने एकदा घराकडे वळून बघितलं. मॅडमच्या आधाराने यशरा गाडीत चढत होती, आणि एका पायरीला दोनदा थांबत होती.

"क्रीम!" मुनिरा किंचाळली. "मोतीवाली डबी! मी विकली ती! तिच्यात जहर हाय. माझी पोर मरायला टेकलीय त्यानं, मी माझ्या हातानं चोळलंय तिला! तुमच्या घरात मीच दिलंय! तोंडं धुवा गो, अल्लाच्या वास्ते तोंडं धुवा!"

आता दारं उघडली. लाइबा उंबऱ्यावर आली, कडेवर पाळण्यातलं लेकरू, त्याचा गाल तिच्या गोऱ्यापान गालाला घट्ट लागलेला. "आपा," ती म्हणाली, "तुम्हीच तर म्हणालात, बाळंतपणाचे डाग जातील म्हणून." मुनिराने लेकरू ओढून घेतलं आणि आपल्या ओढणीने त्याचा गाल पुसू लागली. पुसून झाला तरी पुसत राहिली. मनुबाईने टोपली खाली ठेवली, पापलेटांवरचं बर्फाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिथेच भर रस्त्यात तोंड धुवायला लागली.

मग डब्या येऊ लागल्या. भरलेल्या, अर्ध्या, रिकाम्या. एकीनेही फेकलेली नव्हती. कुणी स्वच्छ रुमालात बांधून ठेवलेली, कुणी अत्तराच्या पेटीत. दोन्ही हातांवर ठेवून आणत होत्या त्या बायका, आणि मुनिराकडे न बघता कारकुनाच्या पिशवीत सोडत होत्या. लाइबाच्या सासूने जाताना एवढंच म्हटलं, "आधी सांगायचं होतंस गो."

गाडी सुपारीच्या बागा मागे टाकत अलिबागच्या रस्त्याला लागली. पुढे बसलेली मॅडम डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. हो, आणतेय, हो, आजही लावलंय, भरपूर लावलंय. यशराचं डोकं मुनिराच्या खांद्यावर होतं. घासून घासून लाल झालेला चेहरा, डोळे मिटलेले. काशीद गेलं तेव्हा तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण मुनिराने ओळखलं. अडलेला एकोणिसावा पारा होता तो.

मुनिराचा हात सवयीने तिच्या तोंडावर गेला. आणि यशराने, डोळे न उघडता, शहाण्या पोरीसारखे ओठ मिटून घेतले.

"न्हाय गो, न्हाय!" मुनिराने चटका बसल्यासारखा हात काढला. "पढ बेटी. आता पढ. मोठ्यानं पढ, मी ऐकते."

यशराने तोंड उघडलं. पहिला शब्द निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला श्वास पुरेना. ती थांबली, दम घेतला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच थांबली. मुनिरा तिचा हात धरून रेवदंड्याचा पूल येईपर्यंत म्हणत राहिली, पढ बेटी, पढ.